पाच नंबरचं बटण

वडिलांना जाऊन आठवडा झाला होता. घानातल्या कुमासी शहरातल्या घरी शोकाच्या लाल-काळ्या कपड्यांतली माणसं भेटायला येत होती, तेवढ्यात सेर्वाला अक्राच्या ऑफिसातून फोन आला. घरोघरी ऑक्सिजनची मशिनं पुरवणाऱ्या परदेशी कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींची यंत्रणा ती सांभाळायची. बातमी अशी, की कंपनीच्या सगळ्या देशांत घाना पहिला आला होता. एकही ग्राहक नाराज नव्हता.

फोन ठेवून ती आईजवळ बसली.

"आई, बाबांचं मशीन महिनाभर नीट चालत नव्हतं म्हणतेस. मग दुरुस्तीला कुणी कसं आलं नाही? कंपनी दर आठवड्याला फोन करून विचारते ना?"

"करते की. चांगलं चाललं असेल तर पाच दाबा, बिघडलं असेल तर एक. मी म्हणायचे, हवा पुरत नाहीये, एक दाबा. तर ते मलाच दटावायचे."

"का?"

"अगं, ईस्टरला तूच नाही का सगळ्या भावकीला बसवून सांगितलंस? 'फोन आला की पाचच दाबा, माझी बढती त्यावर आहे.' म्हणायचे, जगानं एक दाबला तर दाबू दे, बापानं कसा दाबायचा?"

सेर्वाची मान वर होईना. आईला वाटलं, पोरगी बापाच्या आठवणीनं रडतेय. तिनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

"शेवटच्या फोनला त्यांच्या बोटात जोर नव्हता गं. पण तू काळजी करू नकोस. पाच मी दाबला."