कपिलेचा पान्हा

रोज धार काढणारी थोरली बहीण अक्काबाई गेली असा दवाखान्यातून निरोप आला, त्या दिवसापासून सहादूच्या कपिला गाईनं पान्हा चोरला. कास दगडासारखी झाली. आज तर ती दावं तोडून बोरगडच्या राखीव जंगलात शिरली.

तिथं चरणारी गुरं तपासायला जनावरांची डॉक्टर तृप्ती दर रविवारी नाशिकहून यायची. तीही सहादूसोबत गाय शोधायला निघाली.

"दूध असंच तुंबलं तर गाय हातची जाईल, काका."

"मी बसलो की लाथ मारती. दुसऱ्याला हात लावू द्यायचा न्हाई, ही अक्काबाईचीच शिकवण हाय."

करवंदीच्या जाळीपलीकडे कपिला उभी होती. धार काढणाऱ्याला जागा करून द्यावी तसा तिनं मागचा पाय मागं घेतला होता. डोळे मिटलेले होते. आधी एका सडातून, मग दुसऱ्यातून, ठेक्यात दूध गवतावर पडत होतं. जवळ कुणीच नव्हतं.

"आपोआप गळतंय ना, काका?" तृप्ती हळूच म्हणाली.

सहादूनं कासेकडे बोट दाखवलं. कास सैल पडत होती. गाय वाचली होती.

धार थांबली. कपिलेनं मान वळवून शेजारची रिकामी जागा चाटली. तिथलं दबलेलं गवत हळूहळू उभं राहिलं.

अक्काबाईचा दहावा अजून व्हायचा होता.