अकरा ऑल्डरगिल

अँब्रोज ऑल्डरगिलने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद सरळ केला आणि सही केली. या नावाने केलेली ही त्याची शेवटची सही. खालच्या ओळीवर नव्या नावाने करायची होती. तिथे त्याने लिहिलं: अँब्रोज बेल. बेल हे त्याच्या आईचं माहेरचं आडनाव.

साक्षीदार म्हणून शेजारचे टायसन नवरा-बायको आले होते. एक्याऐंशी वर्षं वापरलेलं नाव आता टोचायला लागलं का, असं टायसनने विचारून घेतलं. अँब्रोजने चहा ओतला. मुलाला, डंकनला, यातलं काही सांगायचं नाही, एवढं मात्र त्याने दोघांकडून कबूल करून घेतलं. जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला खरं कारण सांगायची लाज वाटत होती.

कारण कपाटातल्या फायलींत होतं. निवृत्त झाल्यावर या दरीतली माणसं एक तर गुलाब लावतात, नाही तर आपल्या आडनावाच्या मागे लागतात. अँब्रोजला गुलाब साधले नाहीत. चर्चच्या जुन्या वह्या, खानेसुमारीचे कागद, थडग्यांवरची अक्षरं यांत त्याची पंधरा वर्षं गेली. दरीच्या वरच्या टोकाला ओढ्याकाठी ऑल्डरची झाडं होती. झाडांवरून तिथल्या शेताला नाव पडलं आणि शेतावरून माणसांना. सातशे वर्षांत ही मंडळी फारशी कुठे गेली नाहीत आणि वाढलीही नाहीत. आज साऱ्या जगात ऑल्डरगिल अकरा: दरीत सहा, कार्लाइलला तीन, कॅनडात दोन.

१८४१ च्या खानेसुमारीतही अकराच होते, याची त्याला आधी गंमत वाटली. १८५१ लाही अकरा निघाले. १८६१ लाही. मग त्याने मधली वर्षं तपासली आणि गंमत संपली. मूल जन्मलं की आठवड्याच्या आत घरातलं कोणीतरी जायचं. १८८७ च्या जानेवारीत जुळी झाली, आणि त्याच आठवड्यात दोन भाऊ तळ्यावरच्या बर्फातून खाली गेले. १९२३ मध्ये केंडलहून सून आली, तेव्हा तिचा चुलत दीर लग्नाच्या जेवणावरून उठलाच नाही. कोणी जायचं याला नियम नव्हता. कधी म्हातारं माणूस, कधी तरणंताठं, तर दोनदा पाळण्यातलं बाळच.

एकच वाट बिनमरणाची दिसत होती. अँब्रोजची आत्या एडिथ लग्न करून दुसऱ्या आडनावात गेली आणि पुढच्या महिन्यात त्याचा चुलतभाऊ जन्मला. त्या वेळी कोणी गेलं नाही. म्हणजे जागा करून द्यायला मरायलाच हवं असं नव्हतं. नाव सोडलं तरी चालत होतं.

डंकनची बायको फिलिपा हिने लग्नानंतर मॉस हे आपलंच आडनाव ठेवलं होतं. अँब्रोज तेव्हा महिनाभर फुगून बसला होता. पुढे फायलींतलं कळल्यावर त्याने मनातल्या मनात तिचे आभार मानले. आता फिलिपाला दिवस गेले होते. बाळ ऑल्डरगिल होणार हे डंकनने केव्हाच ठरवलं होतं. बाळालाही मॉस करा म्हणावं, तर कारण सांगावं लागलं असतं, आणि डंकन हसला असता. त्यापेक्षा आपणच त्या नावातून उठावं, असं अँब्रोजने ठरवलं.

सही झाली आणि तीन आठवड्यांनी मुलगी झाली, हेस्टर. अँब्रोज आठ दिवस फोनजवळ बसून होता. नवव्या दिवशी त्याने कार्लाइलला फोन लावला, मग कॅनडाला. सगळे गुडघ्यांबद्दल कुरकुरत होते, पण होते. त्याचा जीव भांड्यात पडला. आपलं नाव गेल्याचं दुःख त्याला झालं होतं, आणि ते खरं होतं. पण त्या दिवशी त्याने बऱ्याच वर्षांनी दुपारी शेरीचा पेला भरला.

पुढच्या महिन्यात एका रविवारी तिघं चहाला आली. फिलिपाने हेस्टरला त्याच्या मांडीवर दिलं. बाळ गरम होतं, जड होतं आणि झोपलेलं होतं. फिलिपा त्याच्यासमोर बसली. तिने पर्समधून नवं कोरं ड्रायव्हिंग लायसन्स काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"अँब्रोज, लग्नात तुम्ही म्हणाला होतात, आमचं नाव तुला चावतं का म्हणून. मला ते फार लागलं होतं. पण हेस्टरचं नाव लावताना वाटलं, एका घरात दोन पाट्या कशाला? तुम्हालाही बरं वाटेल. परवा सगळे कागद हातात आले. आता मीसुद्धा ऑल्डरगिल."

डंकन हसत होता. तो किटली ठेवायला आत गेला.

अँब्रोजने मोजलं. कार्लाइलचे तीन, कॅनडातले दोन. दरीतले त्याच्यावाचून पाच. हेस्टर अकरावी. फिलिपा बारावी. त्याने पुन्हा मोजलं, यावेळी उलट्या बाजूने, आणि तरीही बाराच आले.

त्याने फिलिपाकडे पाहिलं, मग आत किटलीशी उभ्या असलेल्या डंकनकडे, मग मांडीवरच्या बाळाकडे. जायला तो केव्हाही तयार होता. पण त्या घरात आता ज्याची पाळी येऊच शकत नव्हती, असा तो एकटाच होता.