एर्मेकचे बोल्ट

एर्मेकला जाऊन चाळीस दिवस झाले, त्या विधीचे बाउर्साक, तळलेले पावाचे गोळे, पिशवीत घेऊन गुलझान अस्तानाहून थेट बापाच्या माळावर आली. उपग्रहाचा सांगाडा तिने आखला होता, त्याचे बोल्ट तिच्या हाताखालच्या एर्मेकने आवळले होते. रॉकेट उडताच उपग्रह आतच निखळला आणि सगळंच माळावर कोसळलं. बोल्ट सैल राहिले असावेत, असा अहवाल तिनेच लिहिला. तो वाचून एर्मेकने जीव दिला.

मेंढवाड्याच्या दाराला नवा अडसर होता, हलका आणि चकचकीत.

“आभाळातून पडलेलं आम्ही सोडतो होय? तुमचे चौकशीवाले यायच्या आत उचलून आणलं!” बाउर्साक चावत बाप हसला.

गुलझानने अडसर ओढून काढला. सांगाड्याचा पाय होता तो. वजन वाचवायला तिने जिथे पातळ केला होता, नेमका तिथेच तुटलेला. दुसऱ्या टोकाला चारही बोल्ट तसेच होते.

“दोन दिवस झटलो बघ त्यांच्याशी, एक हलेल तर शपथ! शेवटी बोल्टांच्या पलीकडे करवत लावली,” बाप म्हणाला. “ज्याने आवळले ना पोरी, त्याच्या हाताला अल्ला बरकत देवो.”