मागची बाजू

व्हीआर गेममधला नदीघाटाचा व्हिडिओ हेडसेटमध्ये सारखा अडकत होता. चाचणीला आलेल्या चाळीस जणांच्या नजरा त्याने तपासल्या. सगळे समोर नदीकडेच बघत होते, मागे कोणी वळलंच नव्हतं. म्हणून त्याने त्या चारी बाजूंच्या चित्रणातली मागची बाजू उघडूनही न बघता कापून टाकली. व्हिडिओ सुरळीत चालू लागला. डिस्कवर जागा खातं म्हणून मूळ चित्रणही त्याने डिलीट केलं.

रविवारी त्याने कौतुकाने आईच्या डोळ्यांवर हेडसेट चढवला. वडील गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. "अगदी आपला मेणवलीचा घाट रे." मग खुर्चीसकट ती हळूहळू मागे वळली. "इकडे नुसता काळोख आहे."

"मागे काही नाही गं. समोर बघ."

"असं कसं? शूटिंगच्या वेळी तूच ह्यांना म्हणालास ना, बाबा, मध्ये येऊ नका, मागे बसा. दोन तास उन्हात बसले होते, तुझा स्टँड धरून."

हेडसेट काढायला त्याने हात पुढे केला.

"थांब," ती काळोखाकडेच बघत म्हणाली, "अजून लोड होत असेल."