सोबतीचे घास

बारशाच्या पंगतीत समोर बसलेल्या बाई बराच वेळ आईकडे बघत होत्या. शेवटी त्यांनी विचारलंच, "तुमच्या घशाचं ऑपरेशन झालंय का हो? माझे दीर अगदी अस्सेच जेवतात."

"माझं नाही. आमच्या यांचं झालं होतं," आई म्हणाली आणि थबकली. आपण अजून तसंच जेवतोय, हे तिच्या तेव्हा कुठे लक्षात आलं.

अण्णांच्या घशातली कॅन्सरची गाठ काढल्यावर दवाखान्यातल्या बाईंनी त्यांना गिळायला शिकवलं होतं. घास घेतला की हनुवटी छातीला टेकवायची, गिळायचं, मग रिकामंच आणखी एकदा गिळायचं. चुकलं की जीवघेणा ठसका. अण्णा चिडून ताट ढकलायचे. "असं मुंडी खाली घालून कोण जेवतं?"

"मी जेवते," एक दिवस आई म्हणाली आणि आपलंही ताट घेऊन त्यांच्यासमोर बसली. अकरा महिने दोघं तशीच जेवली. प्रत्येक घासाला मी सांगायचे, "मान खाली. आता गिळा." अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं.

आईने मान ताठ केली आणि मसालेभाताचा घास तोंडात घातला. तो तोंडातच फिरत राहिला. डोळे भरून आले, पण घास घशाखाली उतरेना. समोरच्या बाईंनी घाबरून पाण्याचा पेला पुढे केला.

मी शेजारीच बसले होते; मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई, मान खाली. हं, आता गिळ. आणखी एकदा."