निळं पातेलं

नळाकडे गेलेला अरुणाचा हात क्षिप्राने मनगटाशी धरला.

"आई, थांबा! तापलंय ते. गार पाणी पडलं तर मुलामा तडकेल."

सिंकमध्ये निळं पातेलं होतं. बिडाचं, आतून पांढऱ्या इनॅमलचं, एका हाताला न पेलणारं. तळाला वालाचं बिरडं काळं होऊन चिकटलं होतं. अरुणाच्या हातचं बिरडं कधी लागत नसे. आज ती ते गॅसवर ठेवून आतल्या खोलीत गेली, क्षिप्राच्या साड्यांच्या घड्या घालत बसली, आणि करपल्याचा वास आला तोही आधी दिनानाथांना, बाहेर हॉलमध्ये.

क्षिप्रा त्या दोघांची सून. त्यांचा अभिराम जाऊन दोन वर्षं झाली होती. आज ती खारघरचं हे घर सोडून नाशिकला माहेरी चालली होती आणि पुढच्या महिन्यात शौनकशी तिचं लग्न होतं. स्थळ अरुणानेच आणलं होतं. नको नको म्हणणाऱ्या क्षिप्राच्या मागे तीच लागली होती. आता खाली क्षिप्राचा भाऊ गाडी घेऊन थांबला होता.

"निवलं की धुऊन देते," अरुणा म्हणाली. "खोक्यात जागा ठेवलीय मी त्याला."

"ते इथेच राहू दे, आई."

"अगं, अभिरामने तुझ्यासाठी आणलं होतं."

"म्हणूनच." क्षिप्राने फडक्याने कोरडाच ओटा पुसला. "तिकडे रोज डोळ्यासमोर येणार. शौनक काही बोलणार नाही. पण मला नाही जमणार."

मला तरी कुठे जमणार आहे, असं अरुणा म्हणाली नाही. ती म्हणाली, "मग कसं सांभाळायचं ते नीट सांगून तरी जा."

पातेलं कोमट होईपर्यंत दोघी थांबल्या. मग क्षिप्राने त्यात पाणी ओतलं, सोडा टाकला आणि ते दोन्ही हातांनी उचलून गॅसवर ठेवलं.

"मंद आचेवर उकळू द्यायचं. मग लाकडी उलथन्याने हळूच खरवडायचं. सुटतं आपोआप."

"तारेची घासणी?"

"अजिबात नको. आत स्टीलचा चमचासुद्धा फिरवायचा नाही."

"आणि गॅस मोठा केला तर?"

"कधीच नाही. रिकामं तर तापवायचंच नाही."

"पुसायचं कशाने?"

"मऊ फडक्याने. या काठाला मुलामा नसतो ना, तिथे गंज धरतो. तेलाचं बोट फिरवायचं. आणि झाकणाखाली कापड घालून मगच कपाटात."

"कुठलं कापड?"

"कुठलंही, आई."

"सुती?"

"सुती चालेल."

दिनानाथ स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात खोकी बांधून उरलेली सुतळी होती.

"अरुणा, इतकी वर्षं तूच वापरतेयस ते. तुला पाठ आहे सगळं. पोरगा खाली कधीचा ताटकळलाय."

अरुणाने मान खाली घातली.

"थांबेल तो, बाबा," क्षिप्रा म्हणाली. "अजून थोडं सांगायचं राहिलंय."

सांगायचं काहीच राहिलं नव्हतं. दिनानाथ सुतळी बोटांभोवती गुंडाळत परत गेले. दोघी पातेल्यात बघत उभ्या राहिल्या. पाण्याला बुडबुडे आले. करपलेल्या खपल्या एकेक करून सुटायला लागल्या.

"दे इकडे. तुझ्या ड्रेसवर उडेल." अरुणाने तिच्या हातातून उलथनं घेतलं. "जड आहे पण. माझी मनगटं भरून येतात."

"बाबांना सांगा ना उचलायला."

"ते कसले उचलतायत! तोच उचलायचा. एका हाताने उचलून दाखवायचा तुला."

"आणि नंतर बाल्कनीत जाऊन मनगट चोळत बसायचा," क्षिप्रा म्हणाली.

"बघितलं होतंस तू?"

"रोज."

दोघींना हसू आलं. अरुणाचं आधी थांबलं. क्षिप्राने गॅस बंद केला.

पातेलं धुऊन झालं, पुसून झालं. तळाशी थोडा पिवळट डाग राहिला तो राहिलाच. क्षिप्राने काठावरून तेलाचं बोट फिरवलं, सुती फडकं घातलं, झाकण ठेवलं आणि पातेलं खालच्या कपाटात सरकवलं. मग तिने हात धुतले. आता घरात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

लिफ्टपाशी ती वाकली. "येते, आई."

अरुणाने तिला उठवलं, खांद्यावरची ओढणी सारखी केली.

"शौनकच्या आईंना काय म्हणणार आहेस?"

"ठरवलं नाही अजून."

"आईच म्हण. पहिल्या दिवसापासून म्हण. बरं वाटतं गं. मला वाटलं होतं."

"आणि तुम्हाला?"

याचा विचार अरुणाने आधीच करून ठेवला होता. "मला काकू म्हण. फोनवर बोलताना कुणी ऐकलं, तरी कुणाला प्रश्न पडायला नको."

क्षिप्राने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

"म्हणून बघ एकदा," अरुणा म्हणाली. "म्हणजे सवय होईल."

क्षिप्राचे ओठ हलले. लिफ्टचं दार मिटायला येत होतं, आणि सामानासकट आत उभे असलेले दिनानाथ पुन्हा पुन्हा हात घालून ते अडवत होते.