पाणकणसातली घरटी

पोकलेनचा लोखंडी पंजा पुन्हा तळ्याकडे वळला, तसा वनजाक्षींनी साडीचा ओचा खोचला आणि चिखलात उतरून त्या थेट त्याच्या वाटेत उभ्या राहिल्या. सत्तरी ओलांडलेली बाई समोर पाहून ड्रायव्हरने मशीन बंद केलं.

काठची निम्मी पाणकणसं कालच उपटली गेली होती. मुळांसकट त्यांचे ढीग पडले होते. उघड्या गाळात जांभळ्या पाणकोंबड्या सैरावैरा धावत होत्या. युगादी पंधरा दिवसांवर आली होती, हे दिवस त्यांच्या अंड्यांचे. वनजाक्षींचं निसर्गमंडळ दर वसंतात इथली घरटी मोजायचं, कुत्री हाकलायचं, शाळेतल्या मुलांना लांबून पिल्लं दाखवायचं. एके काळी चाळीस माणसं जमायची. आता दोघंच उरली होती, त्या आणि बेकरीवाले बशीर. गेल्या रविवारी दोघांनी अकरा घरटी मोजली होती.

बशीर ढिगाऱ्यांतून परतले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातातल्या उलट्या टोपीत तीन अंडी.

"अजून गरम आहेत, अक्का," ते म्हणाले.

ती ठेवायची कुठे, हे दोघांनाही कळेना.

तेवढ्यात स्कूटरवरून पाटबंधारे खात्याचा इंजिनियर आला. नागभूषण त्याचं नाव, वनजाक्षींचाच जुना विद्यार्थी. त्यांनी त्याला तिथूनच सुनावलं. पिल्लं बाहेर पडेपर्यंत दीड महिना हात लावायचा नाही. हुकूम कुणाचा ते दाखव, उद्याच कोर्टात जाते. तो खाली मान घालून ऐकत राहिला. मार्चअखेर काम संपवायचंय, एवढंच पुटपुटला. मग त्याने डिकीतून फाइल काढली.

"हुकूम वरचा नाही, मिस. लोकांचा अर्ज आहे. नऊ वर्षं फिरत फिरत आत्ता मंजूर झालाय."

कागद वाचायला वनजाक्षी काठावर आल्या. चष्मा लावला. खाली दोनशे सह्या होत्या, पहिली त्यांची. नऊ वर्षांपूर्वी तळ्याला दुर्गंधी सुटली होती, डासांनी मुलं तापाने फणफणत होती. त्या दोन महिने दारोदार हिंडल्या होत्या. त्याच सह्या करणाऱ्यांतून पुढे मंडळ उभं राहिलं. पाखरं ओळखायला त्या शिकल्या त्याहीनंतर.

हा अर्ज मागे कसा घ्यायचा, त्यांनी विचारलं.

"नवा अर्ज द्या, मिस. मी स्वतः पुढे पाठवतो. पण तोही याच वाटेने जाणार."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर बरं वाटलं असतं. बशीर टोपी पोटाशी धरून उभे होते. मशीनपुढची वाट आता मोकळी होती. ड्रायव्हरने एकदा इंजिनियरकडे पाहिलं आणि मशीन सुरू केलं.

वनजाक्षींनी मान वर केली नाही. अर्जातलं अक्षर त्यांचंच होतं, फळ्यावर काढायच्या तसं गोल, सुवाच्य. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, 'तळ्यातलं हे रान मुळासकट उपटून टाकावं, म्हणजे इथे पुन्हा पक्षी येतील.'